कुंपणाखालची हरळी

नेटा रेम्पेलच्या बागेत रविवारी तणाची एक काडी शोधून दाखवावी, अशी पैज आमच्या गावात कुणी लावत नसे, कारण आमच्याकडे पैजा लावतच नाहीत. लावल्या असत्या तर नेटा एव्हाना गब्बर झाली असती.

कॅनडातल्या मॅनिटोबाच्या दक्षिण टोकाला, एका लांबलचक रस्त्याच्या दोन्ही अंगांना बसलेलं आमचं खेडं, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचं. बाई कशी आहे हे इथं तिच्या बागेवरून ठरतं. बाग म्हणजे फुलांची हौस नव्हे. बटाटे, बीट, काकड्या, कोबी, वर्षभराच्या बरण्या भरतील एवढी जमीन. रविवारी प्रार्थना, जेवण आणि एक डुलकी झाली की तीनच्या सुमाराला पाहुणे येतात, न बोलावता. कॉफी मागाहून. आधी सगळ्या बायका बागेतून एक फेरी मारतात. हात पाठीशी, चाल सावकाश, नजर घारीची. "बटाटे छान उठलेत हं," असं तोंडानं म्हणायचं आणि डोळ्यांनी ओळींमधलं तण मोजायचं. वर पंचाईत अशी, की रविवारी काम करायचं नाही. चाकवताचं एखादं रोप सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ताठ उभं असलं तरी ते उपटता येत नाही. बोलत बोलत त्याच्यापुढं जाऊन उभं राहायचं आणि झगा पसरायचा, एवढाच उपाय.

नेटावर झगा पसरायची वेळ कधी आली नव्हती. सासष्ट वर्षांची ही बारीक चणीची बाई शनिवारी दुपारी लांब दांड्याचं खुरपं घेऊन बागेत शिरायची, ती सूर्य टेकल्यावरच बाहेर यायची. मागं काळीभोर, दाताळ्यानं विंचरलेली जमीन. तिचा नवरा कोर्नी म्हणायचा, "माझ्या डोक्यावर एवढं प्रेमानं कधी हात फिरवला नाहीस." त्यावर नेटा म्हणायची, "तुझ्या डोक्यावर उगवतंय काय, हात फिरवायला?"

हे सगळं तीन वर्षांपूर्वीपर्यंत.

त्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी सहाजणी फिरत फिरत नेटाच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्याशी पोचल्या. त्यांत शेजारची ट्रूडा हार्डर होती. दोघींच्या बागांमध्ये फक्त कॅरागानाच्या झुडपांचं कुंपण. पण ट्रूडा नुसती शेजारीण नव्हती. शाळेत एका बाकावर बसलेली, एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतलेली, नेटाच्या तिन्ही बाळंतपणांत तिच्या घरी येऊन पाव भाजून गेलेली. तर ट्रूडा थांबली, वाकली, आणि स्ट्रॉबेरीच्या पानांतून एक पातं मुळासकट ओढून काढलं. सगळ्यांसमोर. रविवारी.

"नेटा, ही हरळी आहे बरं का," ती म्हणाली. "कुंपणाखाली बघ जरा."

इथल्या गवताचं इथलं नाव वेगळं आहे, ते असू दे. आपण हरळीच म्हणू, कारण स्वभाव तोच. वर चार पाती दिसतात आणि जमिनीखाली पांढऱ्या काशा सुतळीसारख्या हातहात पळत असतात. तोडली तर प्रत्येक तुकडा नवं घर मांडतो.

नेटाचे कान लाल झाले. सहाजणी आणि त्यांचे बारा डोळे तिच्याकडे. "आमच्या घरी रविवारी काम करत नाहीत, ट्रूडा," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमच्याकडे रीत बदलली असेल."

ट्रूडानं ते पातं वाफ्याच्या कडेला ठेवलं, हात पुसले आणि कॉफी न घेता घरी गेली. आमच्या गावात कॉफी न घेता जाणं म्हणजे काय, ते गावालाच कळेल. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. चर्चमध्ये एक डाव्या बाकाच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. ट्रूडानं गुडघा बदलून घेतला तेव्हा नेटानं सूप पाठवलं, पण कोर्नीच्या हाती. ट्रूडानं रिकामं भांडं परत केलं, तेही कोर्नीच्याच हाती, आत रुबार्बचा मुरंबा घालून. कोर्नीनं तो वाटेतच बोट घालून चाखला आणि घरी येऊन म्हणाला, "मला या निरोप्याच्या नोकरीची कायमची सवय झाली तर पुढं अवघड जाईल."

"तोंड पूस," नेटा म्हणाली.

हरळी मात्र कुणाशी रुसली नव्हती. ती येतच राहिली. नेटानं पहिल्या वर्षी वाफ्याच्या कडेची पाती रोज खुडली. ती महिनाभरात दुप्पट झाली. दुसऱ्या वर्षी नेटा शिवणमंडळाला गेलेली असताना कोर्नीनं बायकोला खूश करायचं ठरवलं आणि कुंपणालगतच्या पट्ट्यात टिलर फिरवला. पन्नास वर्षं गहू पिकवलेला माणूस. त्याला प्रत्येक रोगावर यंत्र हेच औषध. पट्टा लोण्यासारखा मऊ झाला. पंधरा दिवसांनी तिथं हिरवं मखमली कुरण उभं राहिलं.

"पेरणी छान झाली," नेटा म्हणाली. "आता गाय आण."

तिसऱ्या वर्षी तिनं कडेनं पत्रे गाडले, जुना गालिचा अंथरला, त्यावर दगड ठेवले. काशा पत्र्याखालून आल्या, गालिच्याच्या शिवणीतून आल्या. स्ट्रॉबेरीच्या पाच ओळींपैकी दोन गेल्या. नेटाच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली होती: हरळी ट्रूडाच्या बाजूनं येते. गुडघ्यानंतर तिचं बागेकडं लक्ष कुठं आहे? आपण इकडं कितीही खणा, तिकडं ती आरामात वाढतेय.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, तळघरातले उरलेसुरले बटाटे सोलताना नेटाची सुरी अडली. तिनं बटाटा दोन केला. मधोमध एक पांढरी काशी, या टोकातून शिरून त्या टोकातून बाहेर. विणायची सुई लोकरीच्या गुंड्यात खुपसावी तशी. बटाट्याचे वाफे कुंपणापासून चांगले बारा पावलं आत होते.

नेटानं तो बटाटा कोर्नीपुढं ठेवला.

कोर्नी सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. त्यानं टरफल थुंकलं, बटाटा उलटसुलट करून पाहिला. "दोन्ही बाजूंनी एकदम खणल्याशिवाय ही जायची नाही," तो म्हणाला. "हे तुला तीन वर्षांपासून ठाऊक आहे."

"आहे ना."

"मग जा की तिच्याकडं."

"मी का जाऊ? गवत तिचं आहे."

"बटाटा तुझा आहे," कोर्नी म्हणाला आणि पुढची बी दातांखाली धरली.

नेटा त्या रात्री नीट जेवली नाही. तिला बागेची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर तेवढीच नव्हती. बागेत काही नवं उगवलं की पहिल्यांदा कुणाला दाखवायचं, हा प्रश्न तिला तीन वर्षं पडत होता. पहिली काकडी निघाली की हात आपोआप कुंपणाकडं वळायचा. ट्रूडा नाही म्हटल्यावर काकडी नुसतीच काकडी. हे ती कोर्नीला कधी बोलली नाही. तो तिचाच नवरा असल्यामुळं त्याला ते कळलेलं होतंच.

सोमवार धुण्याचा. सकाळी आठला कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या भरतात. नेटानं मोठी चादर मुद्दाम कुंपणाजवळच्या दोरीवर टाकली आणि तिच्याआड उभी राहून चादरीशी बोलली.

"हरळी बटाट्यांत शिरली."

पलीकडं चिमटे लावायचा आवाज थांबला. मग ट्रूडाचा आवाज, "कुणाच्या?"

"माझ्या. तुझ्याकडून येते ती."

"असं होय. मी तिला जा म्हणून सांगितलं नव्हतं. तिची तीच आली असेल, कॉफीला."

नेटाला हसू आलं. तिनं चादरीची कडा दातांत धरली. "दोन्हीकडून एकदम खणायला हवं," ती म्हणाली. "आज पाऊस आला तर गुरुवारपर्यंत जमीन भुसभुशीत होईल."

"फावडं नको. फावड्यानं तुकडे पडतात. काटा आण, चार दातांचा."

"मला काय शिकवतेस? तुझ्या गुडघ्याला जमेल का?"

"गुडघा नवा आहे," ट्रूडा म्हणाली. "जुनी मीच आहे."

गुरुवारी सकाळी नऊला दोघी कुंपणाच्या आपापल्या बाजूला हजर. ओली जमीन, निवळलेलं आभाळ, कॅरागानाला पिवळ्या फुलांची गर्दी आणि त्यात मधमाश्या. काम सावकाशीचं असतं. काटा उभा रोवायचा, हलकेच मागं झुकवायचा, माती सैल झाली की हातानं काशी धरायची आणि ओढायची नाही, तर तिच्यामागं जायचं, ती जाईल तिथं. तुटली की थांबायचं आणि राहिलेलं टोक सापडेपर्यंत पुढं सरकायचं नाही. निघालेलं सगळं बादलीत. एक पांढरा तुकडा मातीवर पडून राहू द्यायचा नाही. कोर्नीनं कोठाराजवळच्या फरशीवर जागा झाडून ठेवली होती. काशा तिथं उन्हात कडकडीत वाळवायच्या आणि मग पिंपात जाळायच्या.

तासभर दोघी फक्त कामापुरतं बोलल्या. "इकडं एक जाड आहे, तुझ्याकडं गेली." "धरली." "सोड, निघाली." कुंपणातून एकमेकींचे हात दिसत, तोंडं नाही. तीन वर्षांनी ट्रूडाचे हात बघून नेटाला बरं वाटलं. डाव्या अंगठ्यावरची जुनी भाजल्याची खूण तशीच होती.

मग नेटा झुडपांच्या अगदी खाली, खोडांपाशी पोचली. तिथं काटा रुतेना. काशांची एवढी दाट गादी होती की ती एका बाजूनं उचलली तर सतरंजीसारखी उठली. नेटानं उचलली आणि तिच्या पोटातून एक चिंधी लोंबली. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची.

नेटा बघतच राहिली. टोमॅटो काठ्यांना बांधायला ती कोर्नीच्या विटलेल्या शर्टांच्या पट्ट्या फाडते. अख्ख्या गावात दुसरं कुणी फाडत नाही. बाकी सगळे सुतळी आणतात. हा शर्ट सात-आठ वर्षांपूर्वीचा असेल. तिनं आणखी खणलं. हिरव्या रेघांची एक पट्टी निघाली. मग करड्या फ्लॅनेलची, अजून गाठ मारलेली.

आणि त्या सगळ्या शनिवारच्या संध्याकाळी तिच्यापुढं उभ्या राहिल्या. तण आणि टोमॅटोच्या जुन्या पट्ट्यांनी भरलेली बादली, बुडत चाललेला सूर्य, कचरा जाळायचं पिंप थेट कोठारापलीकडं. कुंपण पाच पावलांवर. उद्या रविवार, बायका येणार, ओळी स्वच्छ दिसल्या म्हणजे झालं. बादली झुडपांखाली उपडी केली की काम संपलं. उपटलेलं तण मेलं, असंच तिला वाटायचं. चाकवत मेलाही. घोळ मेली. हरळी त्या गार सावलीत, ओल्या पानांच्या थरात मजेत रुजली आणि वर्षावर्षाला दोन्ही बागांत पाय पसरत गेली. तिनं बारा-पंधरा वर्षं दर शनिवारी स्वतःच्या हातानं हरळी लावली होती.

"काय झालं? थांबलीस का?" पलीकडून ट्रूडानं विचारलं.

"काही नाही. कंबर."

नेटानं तिन्ही पट्ट्या ॲप्रनच्या खिशात कोंबल्या. चौथी निघाली, तीही कोंबली. लाज वाटली, पण हात थांबेना. ट्रूडाला काय दिसतंय पलीकडून? पाच-सहा पट्ट्या निघतील, पिंपात जातील, गवताबरोबर जळतील. कोण कुणाला विचारायला येतंय?

तेवढ्यात ट्रूडानं काटा जमिनीत रोवला आणि त्याच्यावर रेलून ती म्हणाली, "नेटा, एक बोलायचं होतं."

"बोल."

"हे गवत माझ्या बाजूनंच वाढलं असेल. गुडघ्यापायी दोन उन्हाळे मी इकडं फिरकले नाही. तुझ्या स्ट्रॉबेरी गेल्या त्याचं मला वाईट वाटतं. माफ कर मला."

नेटाला वाटलं, जमिनीत शिरावं, काशांच्याही खाली. खिसा मांडीवर जड लागत होता. गेली तीन वर्षं तिला नेमकं हेच ऐकायचं होतं. किती वेळा भांडी घासताना तिनं ते मनातल्या मनात ऐकलंही होतं, आणि दर वेळी उदार होऊन ट्रूडाला क्षमाही केली होती. आता ते खरंच ऐकू आलं तर तोंडाला कडू जहर.

ती गुडघ्यांवर बसली. खिशातल्या पट्ट्या बाहेर काढल्या, एकावर एक ठेवल्या आणि झुडपांच्या खोडांमधून हात घालून पलीकडं धरल्या.

"हे घे," ती म्हणाली. "हे मुळांत सापडलं. कोर्नीचे शर्ट आहेत. मी शनिवारी तण इथं टाकते. म्हणजे टाकायचे. कायम. गवत तुझं नाही, माझं आहे. सगळंच्या सगळं माझं आहे."

ट्रूडानं पट्ट्या घेतल्या. एकेक उलगडून पाहिली. "हा करडा चांगला होता," ती म्हणाली. "फाडायला घाई केलीस."

"ट्रूडा, मी काय सांगतेय?"

"ऐकलं मी. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"शनिवारी मी भांडी घासत असते. माझी खिडकी इकडंच उघडते. बादली घेऊन येतेस, आजूबाजूला बघतेस आणि ओततेस. चोरासारखी." ट्रूडा हसत होती, हसू आवाजात कळत होतं. "त्या रविवारी तेच सांगत होते मी तुला. कुंपणाखाली बघ म्हणून. पण बायकांसमोर सांगायला नको होतं, ते माझंही चुकलंच."

"मग आत्ता माफी कशाला मागितलीस? तुला ठाऊक होतं ना, तुझ्याकडं काही दोष नाही?"

"कुणीतरी सुरुवात करायला नको का?" ट्रूडा म्हणाली. "तू काही करायची नाहीस, तुला मी सहाव्या वर्षापासून ओळखते. म्हटलं, मागायला दुसरं काही नाही तर गवताची मागावी."

नेटा रडली. अगदी हमसून नाही, पण ॲप्रननं नाक पुसावं लागलं आणि ॲप्रनची माती नाकाला लागली. मग ती उठली. कुंपणात माणूस जाईल एवढी फट कुठंच नाही, म्हणून रस्त्यावरून फिरून जावं लागतं. चिखलाचे बूट, हातात काटा तसाच, अशी ती भर रस्त्यानं चालत गेली. समोरच्या घरातला पडदा हलला, तो तिनं पाहिला आणि हलू दिला. ट्रूडाच्या फाटकातून ती आत शिरली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्या रविवारी मी बोलले ते वाईट बोलले," ती म्हणाली. "तुझं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मला माफ कर."

"नाकाला माती लागलीय," ट्रूडा म्हणाली आणि स्वतःच्या बाहीनं ती पुसली. मग बराच वेळ तिनं ती बाही तिथंच ठेवली.

उरलेला पट्टा दोघींनी एकाच बाजूनं खणला, मग फिरून येऊन दुसऱ्या बाजूनं. दुपारी दीडपर्यंत अकरा बादल्या भरल्या. कोर्नी त्या मुकाट्यानं वाहून नेत होता आणि तोंड उघडायची चूक करत नव्हता. शेवटी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना वीतभर रुंद, हातभर खोल चर काढला, तो तसाच उघडा ठेवायचा म्हणून. काशी चरापर्यंत आली की उजेडात उघडी पडते आणि सापडते. पट्ट्यावर पुठ्ठे अंथरले, वर गव्हाचा पेंढा. वैरणीचं गवत नाही; त्यात बी असतं.

ट्रूडाच्या पायरीवर बसून तिघांनी पाव, सॉसेज आणि मुरंबा खाल्ला. कोर्नीनं या वेळी चमचा वापरला.

"आज निघालं ते सगळं निघालं असं समजू नका," ट्रूडा म्हणाली. "बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा येईल. दर पंधरा दिवसांनी चर बघावा लागेल. पातं दिसलं की लगेच काढायचं, तिसरं पान फुटायच्या आत."

"दोघींनी?" नेटानं विचारलं.

"एकीनं बघून काय उपयोग? दर दुसऱ्या गुरुवारी. बर्फ पडेपर्यंत, आणि वितळलं की परत."

"किती वर्षं?"

ट्रूडानं विचार केला. "नीट केलं तर दोन."

नेटानं कॉफीचा कप खाली ठेवला. ऊन पाठीवर येत होतं, हात दुखत होते, आणि स्ट्रॉबेरीच्या उरलेल्या तीन ओळींना पांढरी फुलं आली होती. तिला एवढं बरं वाटलेलं बऱ्याच दिवसांत आठवत नव्हतं.

"चार धर," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."